पितळी वेढं

भरतीच्या कागदावर मी लिहिलं :
दौलत काळू गांगुर्डे, वय एकाहत्तर,
हर्निया, डावी बाजू, रात्रीपासून उपाशी.
दागिने –
इथं पेन अडखळलं.
सर म्हणाले, लिही की, शॉर्टस्टॉप.
पितळी वेढं, एक नग.
किंमत विचारली तर लिही,
एका कळशीचा काठ.

खाली बिटको चौकात रिक्षावाले
शालिमार, शालिमार ओरडत होते.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय.
सत्याऐंशीला जळगावात फायनल मारून
नऊ जण एसटीनं परतले,
फिरती ढाल आळीपाळीनं मांडीवर घेत.
कंडक्टरनं ढालीचं लगेज फाडलं.
नाशिकच्या स्टँडवर हार नव्हता, गुलाल नव्हता,
एकानं थांबून विचारलं फक्त,
क्रिकेटच ना?
ढाल वर्षभर प्रेसच्या क्लबात राहिली
कॅरमबोर्डामागे भिंतीला टेकून,
मग फिरून गेली, नावाला जागली.
तेव्हा सेंटरफिल्डच्या आईनं
चेपलेली कळशी काढून दिली.
तांबट आळीत सुदामशेठनं तिच्या काठातून
नऊ वेढी वळली, मजुरी घेतली नाही,
आणि उरलेली कळशी
म्हातारीला परत केली, बिनकाठाची.
ती तिच्यात पुढं तुळस लावायची म्हणे.

आम्हा पोरींना सर मिळाले ते नंतर,
जेलरोडच्या मैदानावर.
फक्कीनं आखलेला तिरका चौकोन,
बेस म्हणून वाळू भरलेल्या कांद्याच्या गोणी
(सरकताना कानात कांद्याचा वास जायचा, खरंच, कानात),
बारा जणींत तीन ग्लोव्ह.
सर पाण्याच्या ड्रमवर वेढं आपटायचे.
टक, म्हणजे थांब.
टक टक, म्हणजे पळ, मागं बघू नको.
शिव्या कधी दिल्या नाहीत. गरजच नव्हती,
त्या एका टकमध्ये
आमच्या बापांपेक्षा जास्त धाक होता.

ते कॅचर होते. उजव्या हाताच्या त्या बोटावर
किती चेंडू बसले त्याचा हिशेब
आता त्या पेरालाच ठाऊक.
गाठ वाढत गेली, वेढं मागं अडकलं.
मी साबण लावला, तेल लावलं,
दोरा गुंडाळून ओढून पाहिलं.
थिएटरातून दुसऱ्यांदा हाक आली.
सिस्टर, काप ना, सर म्हणाले,
पहिल्यांदाच मला सिस्टर म्हणाले.

कटरची छोटी चकती, चिमूटभर पितळेचा भुगा,
गॉजवर पिवळा, हळदीसारखा.
वेढं फाकवलं. खाली
बोटाभोवती हिरवं कडं.
स्पिरिटनं पुसलं, तरी होतं तिथंच.
सरांनी वेढं उजेडात धरलं,
तोंड उघडलेलं, बोटभरसुद्धा फट नाही.
म्हणाले, होमच्या जरा अलीकडे राहिली बघ.

सांध आणून देते म्हटलं, सुदामशेठचा नातू बसतो
दुकानात, स्टीलचे डबे विकतो, पण करेल.
नको, म्हणाले.
मग स्ट्रेचर हललं
आणि वेढं माझ्या एप्रनच्या खिशात,
थर्मामीटर आणि सुट्ट्या पैशांबरोबर.

चार वाजता भूल उतरत होती.
ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले.
हात पलंगाच्या कठड्यावर गेला,
मोकळं, हिरव्या पट्ट्याचं बोट
दोनदा लोखंडावर आपटलं.
आवाज झाला नाही.
शेजारच्या पलंगावरच्या बाईनं मान वळवली नाही,
आयाबाई पोछा मारत राहिली,

माझा डावा पाय
जमिनीवरून उचलला गेला होता.